साताऱ्याचा ओटा आणि घरातला वस्तरा

महूची लष्करी छावणी, कोलंबिया विद्यापीठ, महाडचे तळे, संविधान सभा, नागपूरची दीक्षाभूमी. बाबासाहेबांच्या जीवनातील ही स्थानके आमच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ आहेत. पाचवीतला मुलगाही जयंतीच्या सभेत त्या तारखा न अडखळता सांगतो. म्हणून या स्मरणिकेसाठी बाबासाहेबांचे चरित्र लिहावयास बसलो, तेव्हा त्याच तारखांची पुन्हा उजळणी न करता एका साध्या वस्तूपाशी थांबावे, असे आम्हास वाटले. ती वस्तू म्हणजे वस्तरा.

भीमराव रामजी यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करातील शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर कुटुंब काही काळ दापोलीस व नंतर साताऱ्यास राहिले. साताऱ्यास असतानाच आई भीमाबाई गेल्या आणि पोरक्या मुलांचा सांभाळ आत्या मीराबाईंकडे आला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीत दाखल झाले. महाराष्ट्र शासन आज तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळते. शाळेत वेगळे बसणे, शिपायाने वरून ओतल्याशिवाय पाणी न मिळणे, या गोष्टी आपण नेहमी सांगतो. डोक्यावरच्या केसांची गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही.

साताऱ्यात न्हाव्यांची उणीव नव्हती. सुभेदारांच्या घरी हजामतीचे पैसे नव्हते, असेही नाही. तरीही या मुलांच्या डोक्याला हात लावण्यास कोणी तयार नव्हते. म्हशी भादरणारा हात माणसाच्या पोराला विटाळ मानत होता. येथे एक गोष्ट इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्हास सांगितलीच पाहिजे. गावगाड्यात महार आणि न्हावी दोघेही बलुतेदारच. दोघांचेही पोट गावच्या खळ्यावर मिळणाऱ्या धान्यावर अवलंबून. न्हाव्याने आमच्या माणसाची श्मश्रू केली असती, तर त्याच वस्तऱ्याने दाढी करून घेण्यास गावातला कुणबी-ब्राह्मण बसला नसता आणि न्हाव्याचे बलुते बुडाले असते. दोष त्या एकट्या कारागिराच्या माथी मारून आपण मोकळे झालो, तर जातिव्यवस्था आपल्याला समजलीच नाही असे होईल. याच नाभिक समाजाने १८९० मध्ये मुंबईत, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, विधवांचे केशवपन करणार नाही असा निर्धार केला होता. म्हणजे ज्या स्त्रियांना नको होता त्यांच्या माथ्यावर वस्तरा बळेच चाले आणि ज्या मुलांना हवा होता त्यांच्या माथ्यापर्यंत तो पोहोचतच नसे.

मग रामजींच्या घरी वस्तरा धरला तो भीमरावांच्या थोरल्या बहिणीने.

वस्तरा हे अवघड हत्यार आहे. कात्री चुकली तर केस वेडेवाकडे कापले जातात. वस्तरा चुकला तर रक्त येते. केस आधी पाण्याने भरपूर भिजवून मऊ करावे लागतात. डाव्या हाताच्या बोटांनी कातडी ताणून धरायची, पाते कातडीवर जवळजवळ आडवे ठेवायचे आणि हलक्या हाताने ओढायचे. पाते जरा उभे झाले की काप पडलाच. कानामागे, मानेच्या खळगीत, टाळूच्या उतारावर बोटा-बोटागणिक हाताचे वळण बदलावे लागते. धार टिकवायची तर पाते दगडावर लावून, मग चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून घासायचे. धार पुढे गेली तर पट्टाच कापला जातो. न्हाव्याच्या मुलाला हे सारे बापाची धोकटी वाहत, वर्षानुवर्षे शेजारी बसून शिकायला मिळे. सुभेदारांच्या लेकीचे शिक्षण झाले ते धाकट्या भावांच्या डोक्यांवर. सतत हेच काम करून करून ती त्यात तरबेज झाली, असे बाबासाहेबांनीच पुढे लिहून ठेवले आहे. पहिल्या वेळी तिचा हात किती थरथरला असेल आणि ओट्यावर मान खाली घालून बसलेला तो हूड मुलगा किती वेळ स्थिर राहिला असेल, याची कल्पना ज्याने वस्तरा कधी हाती धरला आहे त्यालाच येईल.

ती कल्पना आम्हास थोडीबहुत आहे. अरुणावती नदीकाठच्या आमच्या गावात आमचे आजोबा साऱ्या वाड्याचे केस कापीत. त्यांच्या तरुणपणी गावचा न्हावी आमच्या वस्तीकडे फिरकत नसे, म्हणून ते हे काम शिकले होते. दहावीच्या परीक्षेनंतर त्यांनी आपला जुना वस्तरा आमच्या हाती दिला, आरसा खांबाला टांगला आणि ते बाजूला बसले. पहिल्याच ओढीला हनुवटीखाली काप गेला. आजोबांनी तुरटीचा खडा दाबून धरला आणि उरलेला अर्धा गालही आम्हालाच पुरा करावयास लावला. आपला हात स्वतःच्या गळ्याजवळ असताना घाई करायची नाही, एवढेच ते म्हणाल्याचे स्मरते. तोवर गावात सलून निघाले होते आणि आम्हीही तेथे जात होतो. आजोबा मात्र अखेरपर्यंत गेले नाहीत. तो हट्ट होता की मान होता, याचा निर्णय आम्ही अद्याप करू शकलेलो नाही.

पुन्हा साताऱ्याकडे वळू. १९०१ च्या उन्हाळ्यात भीमराव व बरोबरची मुले रामजींना भेटावयास कोरेगावकडे निघाली. रामजी तेथे रोखपाल म्हणून नोकरीस होते. प्रवासासाठी मुलांना नवे कपडे शिवले होते: इंग्रजी धर्तीचे सदरे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे, नवे जोडे. डोकी बहिणीच्याच हातची नीटनेटकी झालेली असणार, असा आमचा तर्क आहे. मसूर स्टेशनवर उतरलेली ही टापटीप मुले पाहून स्टेशनमास्तरांना ती ब्राह्मणाची वाटली. जात कळताच त्यांचा चेहरा पालटला. दुप्पट भाडे देऊनही गाडीवान बैलगाडी हाकावयास तयार होईना. मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि आपण पायी चालावे, या अटीवर तो निघाला. रात्रभर मुलांजवळ शिदोरी होती, पण पिण्यास पाणी मिळाले नाही. स्वच्छ राहा, नीट कपडे घाला, म्हणजे लोक मान देतील, असा उपदेश आम्हा शिक्षकांच्या तोंडी नेहमी असतो. तो खोटा नाही. पण मसूर स्टेशनवर तो कामी आला नव्हता, हे मुलांना सांगितल्यावाचून आम्ही तो करीत नाही.

त्यानंतरची वर्षे वाचकांस परिचित आहेत. १९०७ ला मॅट्रिक, १९१२ ला बी. ए., १९१३ ला बडोदा सरकारच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क, पुढे लंडन. १९१७ ला बडोद्यास नोकरीवर रुजू होताना राहावयास जागा मिळेना, आणि पारशी पथिकाश्रमातूनही त्यांना हाकलून देण्यात आले. १९२७ ला महाड. या साऱ्यातून आलेला माणूस १९४८ मध्ये संविधान सभेत मसुदा समितीचा अध्यक्ष म्हणून उभा होता, आणि आमच्या विषयाचा धागा तेथे पुन्हा सापडतो.

२९ नोव्हेंबर १९४८ रोजी सभेत भेदभावास मनाई करणाऱ्या कलमावर चर्चा झाली. आज ते आपल्या संविधानात अनुच्छेद १५ आहे. त्यात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव यांचा उल्लेख आहे. दुकान म्हणजे नेमके काय, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी खुलासा केला की हा शब्द येथे अत्यंत व्यापक अर्थाने योजला आहे. जो कोणी मोबदला घेऊन लोकांना सेवा देण्यास बसतो, त्याची जागा दुकानच होय. केवळ आत पाऊल टाकण्याची मुभा पुरेशी नाही, अटी मान्य असतील तर सेवा मिळालीच पाहिजे, असा त्याचा अर्थ. वकिलाची कचेरी, डॉक्टरांचा दवाखाना यांच्यासारखीच न्हाव्याची खुर्चीही त्या एका शब्दात आली. अस्पृश्यता नष्ट करणारे कलमही त्याच दिवशी संमत झाले. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणाने सेवा नाकारणे हा गुन्हा ठरला. कायद्याची पुस्तके वाचणाऱ्यांना तो खुलासा कोरडा वाटेल. आम्हास तेथे साताऱ्याचा ओटा दिसतो.

बाबासाहेबांचा अखेरचा ग्रंथ ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. दीनदलितांच्या धम्मदीक्षेचा भाग त्यांनी उपालीपासून सुरू केला आहे. उपाली हा शाक्यांचा नाभिक. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद आदी सहा शाक्य राजपुत्र गृहत्याग करून निघाले तेव्हा तो त्यांच्यासोबत होता. त्यांनी अंगावरचे दागिने त्याला देऊन परत पाठविले. पण दागिने घेऊन एकट्याने परतलो तर शाक्य आपला जीव घेतील, हे त्याने ओळखले; गाठोडे झाडाला टांगून तो त्यांच्यामागे गेला. राजपुत्रांनी तथागतांना विनविले की आमच्याआधी उपालीला प्रव्रज्या द्यावी, म्हणजे आम्हास त्याला वंदन करावे लागेल आणि शाक्यत्वाचा आमचा गर्व उतरेल. तसेच झाले. भगवंतांच्या परिनिर्वाणानंतर राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाचे पठण ज्याने केले, तो हाच उपाली.

वस्तरा भिक्खूच्या आठ परिष्कारांतील एक आहे. आमच्या शाळेत उन्हाळी श्रामणेर शिबिराच्या आदल्या संध्याकाळी मुलांची मुंडणे होतात. आता ब्लेड बदलता येणारे वस्तरे आले, पट्ट्यावर घासण्याचे काम उरले नाही. मुले ओळीने ओट्यावर बसतात, काही आपल्या उतरलेल्या केसांकडे पाहून हसतात, एखादा लहानगा मात्र डोळे घट्ट मिटून शेजाऱ्याचा हात धरतो. बाजूच्या गावातून येणारे नाभिक बंधू डाव्या हाताने त्याची मान हलकेच कलती करतात आणि कानामागून सुरुवात करतात.