विश्लेषण : मुंबईच्या वादकाने ड्रम मशिनवर वाजवलेले दहा राग जगाने २८ वर्षांनी का ऐकले?

मलकापूर (जि. कोल्हापूर) : गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीतून एक ठोका येतो. तो कानाआधी छातीत जाणवतो आणि वाजल्यावर लगेच थांबत नाही, घुमत राहतो. हा ठोका ढोलाचा नसतो आणि हलगीचाही नसतो. रिमिक्स आणि हिप-हॉप गाण्यांमधल्या या घुमणाऱ्या बेसचे मूळ १९८० मध्ये जपानी कंपनी रोलँडने आणलेल्या 'टीआर-८०८' या ड्रम मशिनमध्ये आहे. हे मशिन तेव्हा फारसे चालले नाही. तीन वर्षांतच त्याचे उत्पादन थांबले. मात्र त्याचा आवाज आजही पॉप संगीतात ठाण मांडून आहे.

विशेष म्हणजे हे मशिन नवे होते, तेव्हाच मुंबईतल्या एका वादकाने त्यावर भैरव, यमन, मालकंस असे दहा राग बसवून आख्खा अल्बम काढला होता. त्या वादकाचे नाव चरणजित सिंग. अल्बम तेव्हा कोणी विचारला नाही. आज जगभरातले इलेक्ट्रॉनिक संगीताचे चाहते त्याची जुनी प्रत शोधत असतात. हे कसे घडले, ते समजून घेऊ.

कोण होते चरणजित सिंग?

चरणजित सिंग यांचा जन्म १९४० च्या सुमाराचा. मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीत त्यांनी सेशन वादक म्हणून अनेक वर्षे काम केले. सेशन वादक म्हणजे संगीतकाराने बोलावले की स्टुडिओत हजर होणारा, समोर ठेवलेली सुरावट वाजवणारा आणि काम संपले की मानधन घेऊन घरी जाणारा कलाकार. सिंग गिटार, बेस गिटार आणि कीबोर्ड अशी अनेक वाद्ये वाजवत. शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा त्या काळातल्या आघाडीच्या संगीतकारांसाठी त्यांनी काम केले.

त्या काळी गाणे रेकॉर्ड करायचे म्हणजे गायक आणि आख्खा वाद्यवृंद एकत्र बसे. व्हायोलिनची रांग, ढोलक, तबला, बोंगो, गिटार, अ‍ॅकॉर्डियन असे सगळे एकाच वेळी वाजायचे. एक जण चुकला तर सगळ्यांना पहिल्यापासून सुरुवात. त्यामुळे चांगल्या सेशन वादकाला मोठा मान होता, पण तो मान स्टुडिओच्या दारापर्यंतच. रेकॉर्डच्या कव्हरवर गायक, गीतकार आणि संगीतकार यांची नावे असत. बेस गिटार कोणी वाजवली, हे ऐकणाऱ्याला सहसा कळत नसे.

सिंग यांचा स्वतःचा वाद्यवृंदही होता. लग्नसमारंभ आणि इतर कार्यक्रमांत तो वाजायचा. शिवाय लोकप्रिय चित्रपटगीतांच्या चाली नुसत्या वाद्यांवर वाजवलेल्या त्यांच्या रेकॉर्डही निघाल्या. अशा रेकॉर्डना तेव्हा चांगली मागणी असे. थोडक्यात, त्यांचे बरेचसे आयुष्य दुसऱ्याच्या चाली वाजवण्यात गेले.

टीआर-८०८ मध्ये वेगळे काय होते?

नावातील 'टीआर' म्हणजे ट्रान्झिस्टर ऱ्हिदम. हा एक सपाट डबा. त्याच्या खालच्या कडेला १६ बटणांची रांग, चार-चारच्या गटात, लाल, केशरी, पिवळ्या आणि पांढऱ्या रंगांत. ज्या बटणाचा दिवा लावाल, त्या जागी ठोका पडतो. न लावाल तिथे शांतता. सोळा जागा संपल्या की मशिन पुन्हा पहिल्या जागेवर येते. तीनतालाच्या १६ मात्रा आणि सम ज्यांच्या अंगवळणी पडली आहे, त्यांना ही कल्पना लगेच कळावी. फरक इतकाच की तबलजी प्रत्येक आवर्तनात थोडे वेगळे वाजवतो, मशिन तंतोतंत तेच वाजवते.

त्याच वर्षी अमेरिकेतील रॉजर लिन यांचे 'एलएम-१' हे ड्रम मशिन बाजारात आले. त्यात खऱ्या ड्रमचे आवाज रेकॉर्ड करून चिपमध्ये साठवले होते. त्याची किंमत पाच हजार डॉलरच्या घरात होती. ८०८ ची किंमत सुमारे १,२०० डॉलर होती, कारण त्यात एकही आवाज रेकॉर्ड केलेला नव्हता. प्रत्येक ठोका सर्किट त्या क्षणी तयार करत असे. मोठ्या ड्रमसाठी एक सर्किट क्षणभर थरथरवले जाई आणि त्याचा कंप हळूहळू विरत जाई. हा कंप किती लांबवायचा, हे एका नॉबवर ठरे. नॉब पूर्ण फिरवला की 'ठक्'चा 'धूऽऽम' होई. झांजेसाठी वेगवेगळ्या कंपनांचे सहा सूर एकत्र मिसळून गाळले जात.

परिणामी ८०८ चा ड्रम खऱ्या ड्रमसारखा वाजतच नसे. स्टुडिओत ड्रमवादकाला पर्याय म्हणून हे मशिन घेणाऱ्यांची निराशा झाली. १९८३ पर्यंत सुमारे १२ हजार मशिन बनली आणि उत्पादन थांबले. थांबण्याचे कारणही गमतीचे आहे. रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी नंतर सांगितल्याप्रमाणे, ८०८ च्या खास सळसळत्या आवाजासाठी कंपनी मुद्दाम सदोष ट्रान्झिस्टर वापरत होती. कारखान्यांचे तंत्र सुधारले, तसा सदोष माल मिळेनासा झाला.

दहा राग, तीन यंत्रे

१९८२ च्या आसपास हिंदी चित्रपटसंगीतात डिस्कोची लाट होती. 'कुर्बानी' (१९८०) आणि नाझिया हसनचा 'डिस्को दीवाने' (१९८१) यांनी ती घरोघरी पोहोचवली होती. १९८२ मध्ये सिंग यांनी 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' हा अल्बम रेकॉर्ड केला. तो एचएमव्हीने प्रसिद्ध केला. यात त्यांनी रोलँडचीच तीन यंत्रे वापरली. ठेक्यासाठी टीआर-८०८, खालच्या सुरांसाठी टीबी-३०३ आणि रागाच्या मुख्य सुरावटीसाठी ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. परदेशातून आणलेली ही यंत्रे तेव्हा भारतात फार थोड्या लोकांनी पाहिली होती.

यातले टीबी-३०३ समजून घेतले पाहिजे. बेस गिटारवादक सोबतीला नसेल तर त्याची जागा भरून काढण्यासाठी ते बनवले होते. म्हणजे सिंग जे काम वर्षानुवर्षे स्टुडिओत करत होते, नेमके तेच. त्यात एक सोय होती. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर उडी न मारता घसरत जाता येत असे. पाश्चात्त्य वादकांसाठी ही एक किरकोळ करामत होती. ज्याच्या कानात भारतीय संगीत आहे, त्याला ती मींडेच्या जवळची वाटणे साहजिक होते. शिवाय ८०८ आणि ३०३ एका केबलने जोडता येत, त्यामुळे ठेका आणि खालचे सूर एकाच लयीत चालत. दोघांना एकदा चालू करून दिले की वादकाचे हात राग वाजवायला मोकळे.

भैरव, ललित, तोडी, भूपाळी, मधुवंती, मेघ मल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे हे दहा राग. पहाटेचा ललित आणि रात्रीचा मालकंस दोघेही एकाच डिस्को ठेक्यावर. प्रत्येक रागाला काही मिनिटे. संथ आलाप नाही आणि तबल्याची साथही नाही. खाली यंत्राचा न थकणारा ठेका आणि सतत धावणारे बेसचे सूर, वर रागाचे स्वर. ज्या यंत्रांना साथीदाराचे काम दिले होते, त्यांनाच सिंग यांनी मुख्य वाद्य म्हणून वागवले. ८०८ खऱ्या ड्रमसारखे वाजत नाही, ही त्यांच्या लेखी अडचण नव्हतीच. त्यांनी ते यंत्रासारखेच वाजू दिले.

मग अल्बम चालला का नाही?

शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला हा प्रकार रागाची थट्टा वाटावा असा होता. डिस्कोवर नाचणाऱ्याला त्यात शब्द नव्हते, गायक नव्हता आणि पडद्यावर नायकही नव्हता. चित्रपटगीतांची वाद्यावरची रेकॉर्ड घेणाऱ्याला ओळखीची चाल सापडत नव्हती. कोणत्याच गिऱ्हाइकाचा हा माल नव्हता. रेकॉर्ड फारशी खपली नाही आणि विस्मरणात गेली. सिंग आपल्या नेहमीच्या कामाकडे वळले.

त्याच वेळी जगात काय घडत होते?

ड्रमसारखे न वाजणारे हे मशिन दुसरीकडेही काही जणांच्या हाती लागले होते. जपानच्या यलो मॅजिक ऑर्केस्ट्राने १९८१ मध्येच ८०८ वापरले. १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या आफ्रिका बंबाटा यांचे 'प्लॅनेट रॉक' आणि मार्विन गे यांचे 'सेक्शुअल हीलिंग' ही दोन्ही गाणी या मशिनमुळे वेगळी ठरली. उत्पादन बंद झाल्यावर जुनी ८०८ आणि ३०३ सेकंडहँड दुकानांत स्वस्तात मिळू लागली. महागडे स्टुडिओ न परवडणारी तरुण मुले ती विकत घेऊ लागली.

शिकागोतल्या 'फ्यूचर' या गटाने स्वस्तात मिळालेल्या ३०३ चे नॉब वाजता वाजता फिरवून पाहिले. त्यातून निघणाऱ्या पिळवटलेल्या आवाजावर त्यांनी 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही रेकॉर्ड केली. ती १९८७ मध्ये आली. 'अ‍ॅसिड हाऊस' या नृत्यसंगीताची सुरुवात तिथून मानली जाते.

दिल्लीच्या दुकानातली रेकॉर्ड

२००२ मध्ये एडो बाऊमन या डच संग्राहकाला दिल्लीतील एका जुन्या रेकॉर्डच्या दुकानात सिंग यांचा अल्बम सापडला. ऐकल्यावर त्यांना तो अ‍ॅसिड हाऊससारखा वाटला, पण त्याचा काळ 'अ‍ॅसिड ट्रॅक्स'च्या पाच वर्षे आधीचा होता. बाऊमन यांनी सिंग यांचा मुंबईत शोध घेतला आणि २०१० मध्ये आपल्या 'बॉम्बे कनेक्शन' या लेबलतर्फे अल्बम पुन्हा प्रसिद्ध केला. अनेकांचा यावर विश्वासच बसला नाही. एखाद्या युरोपीय संगीतकाराने टोपणनावाने केलेली ही चेष्टा असावी, अशीही चर्चा रंगली. पण माणूस खरा होता आणि रेकॉर्डही खरी होती.

सत्तरीच्या उंबरठ्यावर असलेल्या सिंग यांना मग परदेशातून बोलावणी येऊ लागली. स्टुडिओत इतरांच्या मागे बसून आयुष्य काढलेला वादक युरोपातल्या मंचांवर स्वतःच्या नावाने उभा राहिला. समोरचे बरेच श्रोते तो अल्बम रेकॉर्ड झाल्यानंतर जन्मलेले होते.

त्यांना अ‍ॅसिड हाऊसचे जनक म्हणायचे का?

अनेक बातम्यांत तसे म्हटले गेले. पण ते पूर्ण बरोबर नाही. शिकागोच्या मुलांनी सिंग यांची रेकॉर्ड ऐकल्याचा कोणताही पुरावा नाही आणि सिंग कोणत्या नव्या नृत्यसंगीताच्या मागे नव्हते. त्यांना राग वाजवायचे होते. दोन ठिकाणच्या माणसांनी एकच यंत्र हाती घेतले आणि ते कशासाठी बनवले होते, याकडे दुर्लक्ष केले. त्यामुळे आवाज जुळला. सिंग यांचे श्रेय 'जनक' या बिरुदात नाही. रोलँडच्या माहितीपुस्तिकेतही नसलेला उपयोग त्यांनी कोणाचे पाहून नव्हे, स्वतःच्या कानाने शोधला, हे त्यांचे श्रेय.

या यंत्रांनी कोणाचे काम गेले?

या कहाणीला दुसरी बाजूही आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून सिंथेसायझर, ड्रम मशिन आणि पुढे संगणक यांनी मुंबईच्या स्टुडिओतले मोठे वाद्यवृंद हळूहळू संपवले. जिथे डझनावारी वादक बसत, तिथे एक कीबोर्डवादक पुरू लागला. सिंग ज्या पेशात वाढले, तो पेशाच या यंत्रांनी आक्रसला.

कोल्हापूरकरांना हे चित्र परके नाही. हलगी, घुमके आणि कैताळ यांच्या तालावर चालणाऱ्या मिरवणुकीत आधी बँजो पार्टी आली, ऑक्टोपॅड आला, मग डीजे आला. ऑक्टोपॅडही रोलँडचाच, १९८५ चा. पण त्यावर काठ्या माणूसच मारतो. डीजेच्या ट्रॅकमध्ये तीही गरज उरत नाही. यंत्र वाद्य म्हणून वाजवले तर वादक टिकतो, वादकाऐवजी लावले तर तो घरी बसतो. सिंग यांनी केले ते पहिले. उद्योगाने बव्हंशी केले ते दुसरे.

जुन्या मशिनची ओढ अजून का आहे?

आज मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये हजारो खऱ्या ड्रमचे आवाज मिळतात. तरीही संगीतकार ८०८ कडे वळतात. एक कारण तांत्रिक आहे. त्याचा लांबलेला ठोका सुरात लावता येतो, त्यामुळे एकच आवाज ड्रम आणि बेस अशी दोन्ही कामे करतो. दुसरे कारण त्याच्या मर्यादेत आहे. सोळा जागा आणि मोजके आवाज, यातच काय ते करा. पर्याय कमी असले की माणूस लवकर निर्णय घेतो. तिसरे कारण म्हणजे ८०८ कशाचीच नक्कल नाही. नक्कल जुनी होते, कारण तिच्याहून चांगली नक्कल येते. ८०८ ची तुलना करायला मूळ वाद्यच नाही. २००८ मध्ये कान्ये वेस्टने आपल्या अल्बमच्या नावातच ८०८ घातले आणि २०१७ मध्ये खुद्द रोलँडने त्याची छोटी आवृत्ती बाजारात आणली.

चरणजित सिंग यांचे ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत वयाच्या ७४ व्या वर्षी निधन झाले. त्यांचा अल्बम आता इंटरनेटवर ऐकता येतो. ऐकताना इअरफोन मात्र लावा. मोबाइलच्या छोट्या स्पीकरला ८०८ चा तो खालचा ठोका वाजवता येत नाही.