वादपटू ते संवादपटू : बेंजामिन फ्रँकलिन

शंभर डॉलरच्या नोटेवरील चेहरा, विजेवरील प्रयोगांमुळे युरोपभर गाजलेला संशोधक, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर स्वाक्षरी करणारा मुत्सद्दी, अशा नाना रूपांत बेंजामिन फ्रँकलिन आपल्याला ठाऊक असतात. चारचौघांत बसावे कसे, बोलावे कसे आणि मुख्य म्हणजे ऐकावे कसे, ही विद्या मात्र त्यांना जन्मतः अवगत नव्हती, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ऐन तारुण्यात ते पक्के वितंडवादी होते. समोरच्याला निरुत्तर करण्यात त्यांना अपार आनंद वाटे. हा आनंद आपल्याला महागात पडतो आहे, हे त्यांना स्वतःहून उमगले आणि मग एखादा कारागीर हत्यार चालवायला शिकतो तसे, रोजच्या सरावाने, ते माणसांशी बोलायला शिकले.

१७ जानेवारी १७०६ रोजी बोस्टन येथे त्यांचा जन्म झाला. वडील जोसाया हे साबण आणि चरबीच्या मेणबत्त्या तयार करीत. दोन विवाहांपासून त्यांना सतरा अपत्ये झाली. बेंजामिन त्यांतला पंधरावा. शाळा लाभली ती जेमतेम दोन वर्षे. घरात मात्र एक चांगला शिरस्ता होता. जोसाया एखाद्या सुज्ञ स्नेह्याला जेवायला बोलावीत आणि मुलांच्या कानांवर काही उपयुक्त पडावे अशा बेताने गप्पांचा ओघ चालता ठेवीत. वाढलेले अन्न रुचकर आहे की बेचव, याची चर्चा तेथे होत नसे. त्यामुळे जेवून उठल्यावर काही तासांनी आपण काय खाल्ले हेही मला आठवत नाही, असे फ्रँकलिन पुढे सांगत. पॅरिसमधल्या मेजवान्या आणि उतारवयात जडलेला गाऊट लक्षात घेता या दाव्यावर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्नच आहे.

बाराव्या वर्षी तो थोरल्या भावाच्या, जेम्सच्या, छापखान्यात उमेदवार म्हणून लागला. जॉन कॉलिन्स नावाचा त्याचा एक मित्र होता, तितकाच वाचणारा आणि तितकाच भांडणारा. स्त्रियांना उच्च शिक्षण द्यावे की नाही, यावर दोघांची जुंपली. कॉलिन्स विरोधात होता. बेंजामिनने काहीसा वादासाठीच वाद म्हणून दुसरी बाजू घेतली. समोरासमोर निकाल लागेना, तेव्हा पत्रे लिहिली गेली. ती वडिलांच्या हाती पडली. जोसाया यांनी कोण बरोबर आणि कोण चूक, यात मुळीच लक्ष घातले नाही. शुद्धलेखनात तू सरस आहेस, पण मांडणी, स्पष्टता आणि शब्दांची सफाई यांत मित्र तुझ्या पुढे आहे, हे त्यांनी उदाहरणे देऊन मुलाला दाखवले. मुलाला ते पटले. ‘स्पेक्टेटर’ या इंग्रजी नियतकालिकातले निबंध वाचायचे, त्यांची टिपणे काढायची, काही दिवसांनी तेच निबंध स्वतःच्या शब्दांत लिहायचे आणि मुळाशी ताडून पाहायचे, असा अभ्यास त्याने सुरू केला.

याच काळात सॉक्रेटिसच्या प्रश्नपद्धतीशी त्याची ओळख झाली. थेट विधान करायचे नाही, नम्रपणे प्रश्न विचारत जायचे आणि समोरच्याकडून एकेक कबुली घेत त्याला कोंडीत पकडायचे. मुलाला हे शस्त्र भलतेच आवडले. आपल्याहून जाणत्या माणसांनाही तो अशा पेचात अडकवू लागला. १७२३ मध्ये भावाशी बिनसल्यावर तो बोस्टनहून पळाला आणि फिलाडेल्फियात सॅम्युएल कायमर या मुद्रकाकडे कामाला लागला. तेथे मालकावरही हाच प्रयोग झाला. कायमर इतका सावध झाला, की साध्यासुध्या प्रश्नाचेही उत्तर देण्याआधी यातून तुला काय निष्पन्न करायचे आहे, असे विचारू लागला. प्रसंग विनोदी खरा, पण त्यातला धडा मोठा होता. वाद जिंकला जात होता आणि दोन माणसांमधले साधे बोलणे मात्र बंद पडत होते.

फ्रँकलिनने हळूहळू ते शस्त्र म्यान केले. त्यातली प्रश्नाची नम्रता तेवढी ठेवली, सापळा टाकून दिला. मधली दोन वर्षे लंडनमध्ये छपाईची कामे करण्यात गेली. १७२६ मध्ये तो परतला आणि पुढच्याच वर्षी, एकविसाव्या वर्षी, त्याने एक मंडळ स्थापन केले. ‘जंटो’ हे त्याचे नाव. येथून पुढे त्यांचा उल्लेख आदरार्थी करायला हरकत नाही.

दर शुक्रवारी संध्याकाळी हे मंडळ भरे. सदस्यसंख्या बारावर ठरवलेली. त्यात काच बसवणारा होता, चांभारकाम शिकलेला होता, सुतार होता, जमीन मोजणारा होता, व्यापाऱ्याच्या पेढीवरचा कारकून होता आणि छापखान्यातले सोबतीही होते. गावातल्या प्रतिष्ठितांचा हा क्लब नव्हे. हातांनी काम करून पोट भरणाऱ्या, पण जिज्ञासा असलेल्या तरुणांची ही बैठक होती. आपल्याकडच्या कट्ट्याची आठवण व्हावी अशी, मात्र कट्ट्याला नसतात तसे काटेकोर नियम तिला होते. प्रत्येकाने पाळीपाळीने नीती, राजकारण किंवा निसर्गशास्त्र यांवरचे प्रश्न चर्चेसाठी मांडायचे आणि तीन महिन्यांतून एकदा स्वतः लिहिलेला निबंध वाचायचा. चर्चा अध्यक्षाच्या देखरेखीखाली आणि सत्य शोधण्याच्या बुद्धीने व्हावी. वादाची हौस किंवा जिंकण्याची ईर्षा तिच्यात नसावी. पुढे त्यात आणखी एका नियमाची भर पडली. ठाम, निर्णायक सुरात मत ठोकून देणे आणि दुसऱ्याचे म्हणणे थेट खोडून काढणे निषिद्ध ठरले. जो चुकेल त्याने थोडा दंड भरायचा.

दंडाची ही कल्पना मला जंटोच्या साऱ्या घटनेतला सर्वांत शहाणा भाग वाटतो. सौम्यपणे बोला, असा उपदेश कोणीही करतो आणि तो दुसऱ्या दिवशी विसरलाही जातो. येथे प्रत्येक उद्धट वाक्याची किंमत त्याच क्षणी खिशातून मोजावी लागे आणि तीही मित्रांसमोर.

सदस्य होताना माणसाला उभे राहून, छातीवर हात ठेवून चार प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत. विद्यमान सदस्यांपैकी कोणाविषयी मनात अनादर आहे काय, कोणत्याही व्यवसायाच्या वा धर्माच्या माणसाविषयी प्रेम आहे काय, केवळ मतांसाठी कोणाच्या जिवाला, नावाला वा मालमत्तेला इजा व्हावी असे वाटते काय, आणि सत्य केवळ सत्य म्हणून प्रिय आहे काय. बैठकीच्या आरंभी चोवीस ठरलेले प्रश्न वाचले जात. अलीकडे वाचलेल्या पुस्तकात सांगण्यासारखे काही आढळले का, गावात कोणाचा धंदा बुडाला आणि कशामुळे, कोणाची भरभराट झाली आणि कशी, परगावाहून कोणी गुणी माणूस आला आहे का, नव्याने धंद्यात पडलेल्या कोणाला हात देता येईल का. दोन प्रश्नांमध्ये वाईनचा एक पेला भरून पिता येईल एवढी विश्रांती असे. ही विश्रांतीही सोयीचीच म्हणायची. बोलण्याची घाई नसलेल्या माणसाला विचार करायला आणि तोंड उघडायला तेवढा वेळ मिळे.

सगळ्यांनाच हे मानवले असे नाही. टॉमस गॉडफ्रे हा स्वतःच्या बळावर गणित शिकलेला बुद्धिमान माणूस. समुद्रावर अक्षांश मोजण्याचे उपकरण त्याने पुढे तयार केले. पण प्रत्येक वाक्यात त्याला गणिताची अचूकता हवी असे. क्षुल्लक गोष्टींवरून तो फाटे फोडी आणि संभाषणाचा रंग घालवी. थोड्याच दिवसांत तो मंडळातून बाहेर पडला.

जंटोतून काय निघाले? फ्रँकलिन यांच्या नव्या छापखान्याला पहिली मोठी कामे सदस्यांनी मिळवून दिली. भागीदार बाजूला झाला तेव्हा विल्यम कोलमन आणि रॉबर्ट ग्रेस या दोघा सदस्यांनी पैसे उभे करून दिले. १७३१ मध्ये वर्गणीवर चालणारे ग्रंथालय निघाले, १७३६ मध्ये आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांचे पथक. मंडळाची कीर्ती वाढली तशी सदस्य वाढवा, अशी मागणी आली. फ्रँकलिन यांनी तिला विरोध केला. प्रत्येकाने जंटोचे नाव न सांगता आपापले वेगळे मंडळ काढावे, असे त्यांनी सुचवले. त्यांतली पाच-सहाच प्रत्यक्षात उभी राहिली.

ग्रंथालयाची वर्गणी गोळा करताना त्यांच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. योजना आपली म्हणून सांगितली की लोक बिचकतात; शेजाऱ्याची प्रतिष्ठा आपल्याहून वाढावी, हे कोणालाच आवडत नाही. मग काही मित्रांनी मिळून केलेली ही कल्पना आहे, मी फक्त निरोप घेऊन आलो आहे, असे ते सांगू लागले. काम झपाट्याने पुढे सरकले. १७३७ च्या सुमारास, ते प्रांतिक विधिमंडळाचे लेखनिक असताना, एका नव्या सदस्याने त्यांच्या नेमणुकीला विरोध केला. त्याची मनधरणी करण्याऐवजी फ्रँकलिन यांनी त्याच्या संग्रहातले एक दुर्मीळ पुस्तक वाचायला मागितले आणि आठवडाभरात आभाराच्या चिठ्ठीसह परत केले. तो गृहस्थ पुढे मरेपर्यंत त्यांचा मित्र राहिला. ज्याच्यावर आपण उपकार करतो त्याच्याविषयी आपल्याला आपुलकी वाटू लागते, या निरीक्षणाला आजचे मानसशास्त्रज्ञ फ्रँकलिन यांच्याच नावाने ओळखतात.

सद्‌गुणांची बारा कलमे करून त्यांनी एका वहीत रोजच्या चुकांची नोंद ठेवली, ही कथा अनेकांनी वाचलेली असते. तेरावे कलम कसे आले, ते अधिक बोलके आहे. तू गर्विष्ठ समजला जातोस, बोलताना समोरच्यावर कुरघोडी करतोस, असे एका क्वेकर मित्राने दाखल्यांसह तोंडावर सांगितले. फ्रँकलिन यांनी यादीत नम्रता जोडली. ‘निःसंशय’, ‘खचितच’ असले शब्द त्यांनी बोलण्यातून हद्दपार केले आणि ‘मला असे वाटते’, ‘तूर्त असे दिसते’ अशी भाषा रुळवली. कोणी उघड चुकीचे बोलला तरी, काही परिस्थितीत तुमचे म्हणणे बरोबर ठरेल, पण येथे थोडा फरक दिसतो, अशी सुरुवात ते करीत. या गुणाचा देखावाच मला अधिक साधला, खरी नम्रता तेवढी नाही, हे त्यांनी आत्मचरित्रात प्रांजळपणे कबूल केले आहे. टीकाकारांनी त्यांच्यावर ढोंगाचा आरोप केला तो याच आधारावर. पण पन्नास वर्षे न चुकता वठवलेली भूमिका आणि स्वभाव यांत कितीसा फरक उरतो?

ते वक्ते नव्हते. शब्द शोधताना अडखळत, भाषेची चूकही होई. तरी बहुधा त्यांचेच म्हणणे मान्य होई. २९ जानेवारी १७७४ रोजी लंडनमध्ये प्रिव्ही कौन्सिलसमोर सरकारी वकील वेडरबर्न याने सुमारे तासभर त्यांची जाहीर निर्भर्त्सना केली, तेव्हा ते चेहऱ्यावरची रेषही न हलवता उभे राहिले. दोन वर्षांनी, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या मसुद्याला काँग्रेसने कात्री लावली तेव्हा शेजारी बसलेल्या व्यथित जेफर्सनला त्यांनी एका टोपीवाल्याची गोष्ट सांगितली. त्याच्या दुकानाच्या पाटीवरचा एकेक शब्द मित्रांनी अनावश्यक ठरवत नेला आणि शेवटी नाव व टोपीचे चित्र तेवढे उरले. पॅरिसमध्ये फ्रान्सशी तह घडवताना त्यांचे मितभाषी, गप्पाप्रिय वागणे सहकारी जॉन अ‍ॅडम्सला आळस वाटे. फ्रेंच दरबाराला मात्र तेच रुचले.

या साऱ्या शिक्षणाचा कस लागला तो १७८७ मध्ये. फिलाडेल्फियात राज्यघटना परिषद भरली तेव्हा ८१ वर्षांचे फ्रँकलिन हे तिचे सर्वांत वयोवृद्ध सदस्य होते. मोठी आणि लहान राज्ये यांच्यात प्रतिनिधित्वावरून फूट पडण्याची वेळ आली होती. अखेर १७ सप्टेंबरला त्यांचे लिखित भाषण जेम्स विल्सन यांनी वाचून दाखवले. या घटनेतले काही भाग मला पसंत नाहीत. पण वय वाढले तसा मी स्वतःच्या निर्णयावर अधिक शंका घ्यायला आणि इतरांच्या मताचा अधिक आदर करायला शिकलो आहे. तेव्हा प्रत्येकाने आपण चुकतच नाही या समजुतीवर थोडा संशय घेऊन सही करावी, असा त्याचा आशय होता. जंटोचा जुना नियम आता एका राष्ट्राच्या कामी आला. तरीही तीन सदस्यांनी सही केली नाही. एकोणचाळीस जणांनी केली.

या सौम्यतेची दुसरी बाजूही पाहायला हवी. त्याच वर्षी ते पेनसिल्व्हेनियातील गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्ष झाले होते, मात्र परिषदेत त्यांनी तो विषय काढला नाही. स्वतः त्यांनीही पूर्वी गुलाम बाळगले होते. फेब्रुवारी १७९० मध्ये त्यांच्या सहीचा अर्ज काँग्रेससमोर गेला आणि तो अव्हेरला गेल्यावर, मृत्यूपूर्वी महिनाभर आधी, त्यांनी गुलामगिरीच्या समर्थकांवर जहाल उपहास लिहिला. त्यात कोठेही ‘मला असे वाटते’ नव्हते.

घरात तर ही विद्या फारशी चालली नाही. पत्नी डेबोरा समुद्रप्रवासाला भीत असे. १७७४ च्या डिसेंबरात ती वारली तेव्हा दहा वर्षे पतीचे तोंड तिला दिसले नव्हते. मुलगा विल्यम हा न्यू जर्सीचा गव्हर्नर; स्वातंत्र्ययुद्धात तो इंग्रजांच्या बाजूने राहिला. १७८४ मध्ये त्याने समेटासाठी पत्र लिहिले. एकुलत्या एका मुलाने साथ सोडली, याइतके दुःख दुसऱ्या कशाने झाले नाही, असे वडिलांनी कळवले. पुढच्या वर्षी साउदॅम्प्टन येथे दोघे भेटले ते जमिनीचे व्यवहार उरकण्यापुरते. सगळ्या जगाला दोन पावले मागे घ्यायला लावणारा हा माणूस येथे स्वतः एक पाऊलही मागे सरला नाही. १७ एप्रिल १७९० रोजी फिलाडेल्फियात त्यांचे निधन झाले. मृत्युपत्रात विल्यमला नोव्हा स्कॉशियातील जमीन, त्याच्याकडे आधीच असलेली पुस्तके व कागदपत्रे आणि जुन्या कर्जाची माफी एवढेच मिळाले. वाद सोडून संवाद कसा शिकलो, हे ज्या आत्मचरित्रात फ्रँकलिन यांनी लिहून ठेवले, त्याचा पहिला भाग त्यांनी १७७१ मध्ये याच मुलाला उद्देशून, पत्राच्या रूपात लिहिला होता.