अष्टपैलू दत्तू फडकर



निबंध लिहिताना 'अष्टपैलू व्यक्तिमत्त्व' हे शब्द आपली मुलं अगदी डोळे झाकून लिहितात. शास्त्रज्ञ असो, नेता असो, नाहीतर स्वतःचे बाबा, सगळेच अष्टपैलू! पण जो खरोखर अष्टपैलू असतो त्याचं पुढे काय होतं, हे मुलांना सांगायचं असेल तर मला दत्तू फडकर यांची गोष्ट फार उपयोगाची वाटते. तुमच्या वर्गातल्या क्रिकेटवेड्या मुलांनाही हे नाव बहुधा माहीत नसेल. म्हणूनच आज त्यांच्याविषयी.

पूर्ण नाव दत्तात्रय गजानन फडकर. जन्म डिसेंबर १९२५, कोल्हापूर. कोल्हापूर म्हटलं की आपल्याला तालीम आणि कुस्ती आठवते, पण या मुलाने बॅट उचलली आणि चेंडूही उचलला. वयाच्या सतराव्या वर्षी तो महाराष्ट्राच्या संघातून खेळला आणि लवकरच मुंबईच्या संघात आला. त्या काळची मुंबई म्हणजे भारतीय क्रिकेटचं माहेरघर. तिथे जागा मिळवणं सोपं नव्हतं. फडकरांची ओळख होती ती मधल्या फळीत येऊन धावा काढणारा फलंदाज म्हणून. त्यातच ते मध्यम वेगाने चेंडू स्विंग करायचे आणि गरज पडली तर ऑफस्पिनही टाकायचे.

आता १९४७ सालात या. देश स्वतंत्र झाला, फाळणी झाली, आणि त्याच वर्षअखेर भारताचा संघ पहिल्यांदाच ऑस्ट्रेलियाला निघाला. विजय मर्चंट आणि रुसी मोदी तब्येतीमुळे जाऊ शकले नाहीत. फजल महमूद हा उमदा वेगवान गोलंदाज संघात निवडला गेला होता, पण फाळणीनंतर तो पाकिस्तानचा झाला. त्याआधी भारताची वेगवान गोलंदाजी ज्यांच्या खांद्यावर होती त्यांपैकी अमरसिंग १९४० मध्येच वारले होते आणि मोहम्मद निसार फाळणीनंतर तिकडे राहिले. थोडक्यात, नवा चेंडू कोणाच्या हातात द्यायचा हाच प्रश्न होता. कर्णधार लाला अमरनाथ. समोर खुद्द डॉन ब्रॅडमन यांचा संघ. हा संदर्भ मुलांना आधी सांगा, नाहीतर पुढचे आकडे नुसते आकडेच राहतील.

ब्रिस्बेनच्या पहिल्या कसोटीत भारताचा धुव्वा उडाला. फडकर त्यात नव्हते. डिसेंबरमध्ये सिडनीच्या दुसऱ्या कसोटीत त्यांना संधी मिळाली. वय बावीस. भारताची पडझड झालेली असताना ते फलंदाजीला आले आणि ५१ धावा काढल्या. संघाच्या झाल्या १८८. मग पावसाने ओल्या झालेल्या खेळपट्टीवर चेंडू हातात घेतला आणि १४ धावांत तीन बळी मिळवले. विजय हजाऱ्यांनी चार घेतले. ब्रॅडमन यांचा संघ १०७ धावांत गारद! पावसामुळे सामना अनिर्णित राहिला, पण पहिल्याच कसोटीत एका पोराने दोन्ही हातांनी काम केलं होतं. त्या मालिकेत त्यांनी खेळलेल्या चारही कसोटींमध्ये पन्नाशी ओलांडली. मालिकेची सरासरी ५२.३३.

त्यातली ॲडलेडची कसोटी मात्र जरा थांबून बघा. जानेवारी १९४८. ऑस्ट्रेलियाने ६७४ धावा केल्या, त्यात ब्रॅडमन २०१. इतका वेळ उन्हात पळून, गोलंदाजी करून, मग फलंदाजीला यायचं. भारताचे पाच गडी १३३ धावांत बाद. तेव्हा हजारे आणि फडकर उभे राहिले. एक जन्माने सांगलीचा, दुसरा कोल्हापूरचा. आपल्याकडे हे दोन जिल्हे शेजारी, आणि तिथे हजारो मैलांवर, रे लिंडवॉल यांच्या माऱ्यासमोर, ही दोन माणसं एकमेकांना साथ देत होती. १८८ धावांची भागीदारी झाली. हजारे ११६, फडकर १२३. तरी फॉलोऑन टळला नाही आणि सामना एका डावाने गेलाच. दुसऱ्या डावात हजाऱ्यांनी आणखी एक शतक ठोकलं, १४५. दोन्ही डावांत शतक म्हटल्यावर ती कसोटी हजाऱ्यांच्या नावावर जमा झाली, आणि ते योग्यच आहे. पण फडकरांच्या १२३ धावा त्या सावलीत गेल्या. सामना संपला २८ जानेवारीला. दोनच दिवसांनी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. तेव्हा मायदेशी क्रिकेटची बातमी कोण वाचणार?

इथपर्यंत ऐकल्यावर कुणालाही वाटेल, भारताला एक पक्का फलंदाज मिळाला. मलाही तसंच वाटतं. पण संघाची गरज वेगळी होती. फलंदाज बरे होते, फिरकीला विनू मांकड होते, नव्हता तो नवा चेंडू टाकणारा. मग ज्याला तो थोडाफार येतो त्याच्याच गळ्यात ते काम पडलं. घरात जो पटकन उठतो त्यालाच सारखं पाणी आणायला सांगतात ना, तसं! पुढची दहा-अकरा वर्षं फडकर भारताची गोलंदाजी उघडत राहिले. भारतातल्या खेळपट्ट्या कशा? पाटा. वेगवान गोलंदाजाला तिथे काही मिळायचं नाही. कसोटी कारकिर्दीत त्यांनी सहा हजारांच्या आसपास चेंडू टाकले, म्हणजे प्रत्येक कसोटीला साधारण तीसेक षटकं. एवढं करून पुन्हा सहाव्या-सातव्या क्रमांकावर येऊन पडझड सावरायची.

याचं उदाहरण १९४८-४९ च्या वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेत आहे. मद्रासला पाहुण्यांनी ५८२ धावा केल्या. फडकरांनी १५९ धावा देऊन सात बळी घेतले. सात! ही त्यांची कसोटीतली सर्वोत्तम कामगिरी, आणि तो सामना भारत एक डाव आणि १९३ धावांनी हरला. त्यानंतर मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर शेवटची कसोटी. जिंकायला ३६१ हव्या होत्या. तोवर भारताने एकही कसोटी जिंकलेली नव्हती, हे लक्षात घ्या. हजाऱ्यांनी १२२ केल्या, मोदींनी ८६. शेवटी फडकर ३७ धावांवर नाबाद, धावसंख्या ८ बाद ३५५, फक्त सहा धावा कमी. आणि षटकातला एक चेंडू बाकी असताना, घड्याळात दीडेक मिनिट शिल्लक असताना पंचांनी बेल्स काढल्या. वेळ संपली असं त्यांना वाटलं. मुंबईकरांनी ही हळहळ कित्येक वर्षं उगाळली. गणिताच्या तासाला मुलांना हा प्रसंग सांगून बघा, वर्ग दोन गटांत भांडायला लागेल!

त्याच हंगामात, मार्च १९४९ मध्ये, पुण्यात रणजी करंडकाचा उपांत्य सामना झाला. मुंबई विरुद्ध महाराष्ट्र. फडकर आता आपल्या जुन्या संघाविरुद्ध. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. बेरीज करा: २३७६ धावा, प्रथम श्रेणीच्या एका सामन्यातला विक्रम. नऊ शतकं झाली, त्यांपैकी दोन फडकरांची, १३१ आणि १६०. म्हणजे ज्याच्याकडून आपण नवा चेंडू टाकून घेत होतो तो माणूस असा फलंदाज होता.

१९५२ साल त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात गच्च भरलेलं. वर्षाच्या सुरुवातीलाच कलकत्त्याची कसोटी, इंग्लंडविरुद्ध ११५ धावा. फेब्रुवारीत मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला. त्याचं श्रेय बारा बळी घेणाऱ्या मांकडांना आणि शतकवीर पंकज रॉय व पॉली उम्रीगर यांना मिळतं. उम्रीगरांना साथ देताना फडकरांनी ६१ धावा काढल्या होत्या, हे आपण विसरतो.

आणि मग जूनमध्ये लीड्स. ही गोष्ट पालकांनी ऐकलेली असेल, निदान तो धावफलक तरी. दुसऱ्या डावात भारताची अवस्था शून्यावर चार बाद! पहिलीच कसोटी खेळणारे फ्रेड ट्रूमन धावत येत होते आणि पंकज रॉय, दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री, विजय मांजरेकर, चौघेही चौदा चेंडूंत परत. थोड्या वेळाने उम्रीगरही गेले, ५ बाद २६. या धावफलकाकडे बघून सगळे हसतात, पण पुढचं कुणी वाचत नाही. त्यानंतर कर्णधार हजारे आणि फडकर यांनी १०५ धावा जोडल्या. हजारे ५६, फडकर ६४. पुन्हा तीच जोडी! सामना वाचला नाही, इंग्लंडने सात गडी राखून जिंकला. मला मात्र वाटतं, त्या दिवशी मैदानात चालत जाताना फडकरांच्या मनात काय असेल, यावर मुलांना दहा ओळी लिहायला सांगाव्यात. आत्मकथन या लेखनप्रकारासाठी इतका चांगला विषय शोधून सापडणार नाही.

नंतरची वर्षं पटकन सांगतो, कारण त्यांत चढ कमी आणि ओझं जास्त आहे. पाकिस्तान, वेस्ट इंडीज, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया अशा मालिका झाल्या. संघात येणं-जाणं सुरू झालं. शरीर थकलं की अष्टपैलू खेळाडू दोन्हीकडून थकतो. फलंदाजी सुटली तर गोलंदाज म्हणून टिकेल इतका वेग नव्हता, आणि गोलंदाजीने दमल्यावर फलंदाजी कशी जमणार? शेवटची कसोटी कलकत्त्याला, १९५८ च्या वर्षअखेरीस सुरू झालेली, वेस्ट इंडीजविरुद्ध. त्याच मालिकेत फेब्रुवारी १९५९ मध्ये मुंबईच्या रमाकांत देसाईंनी दिल्लीत पदार्पण केलं. छोट्या चणीचा, पण खराखुरा वेगवान गोलंदाज. ज्याची इतकी वर्षं वाट बघितली तो आला, तोवर फडकरांची पाळी संपली होती.

हिशेब असा: ३१ कसोटी, १२२९ धावा, सरासरी ३२.३४, दोन शतकं, ६२ बळी. पहिल्या मालिकेतली सरासरी वर दिलेली आहे, तिच्याशेजारी ही ठेवून बघा. काहीजण म्हणतात, फडकरांनी अपेक्षा पूर्ण केल्या नाहीत. मला ते पटत नाही. एका माणसाकडून दोघांचं काम करून घ्यायचं आणि मग प्रत्येक काम एकेकट्या माणसाशी तोलायचं, हा कुठला न्याय? आपल्या पवईत शाळा सुटल्यावर मुलं तबला, बुद्धिबळ, पोहणं, रोबोटिक्स असे वर्ग करत फिरतात. चार गोष्टी जमणाऱ्या मुलाला स्नेहसंमेलनापासून स्पर्धेपर्यंत सगळीकडे आपणच पुढे करतो, मीही करतो. त्या मुलाला स्वतःला यातलं काय आवडतं, हे विचारायचं मात्र राहून जातं.

फडकर पुढे कलकत्त्याला गेले, बंगालकडून आणि रेल्वेकडूनही खेळले. कारकिर्दीत साडेचारशेवर प्रथम श्रेणी बळी आणि पाच हजारांवर धावा जमल्या. १९७० च्या दशकात ते राष्ट्रीय निवड समितीवर होते, म्हणजे संघात कुणाला कोणतं काम द्यायचं हे ठरवणाऱ्यांत आता तेही होते. १७ मार्च १९८५ रोजी मद्रासमध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.