बाबूराव अर्नाळकर

बाबूराव अर्नाळकर (इ.स. १९०६ – इ.स. १९९६) हे मराठीतील रहस्यकथाकार होते. त्यांचे मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांच्या नावावर असून मराठीत या कथाप्रकाराचा मोठा वाचकवर्ग निर्माण करण्याचे श्रेय मुख्यतः त्यांना दिले जाते.

जीवन

अर्नाळकरांनी स्वातंत्र्यचळवळीत भाग घेतला होता. मुंबईत त्यांचे चष्म्यांचे दुकान होते आणि तो व्यवसाय सांभाळूनच त्यांनी एवढे लेखन केले.

लेखन

मराठीत अद्भुत आणि रहस्यमय कादंबऱ्यांची आवड गो. ना. दातार यांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांच्या रूपांतरांतून आधीच रुजवली होती. मात्र त्या कादंबऱ्या भल्यामोठ्या असत. अर्नाळकरांनी एका बैठकीत संपणारी, संवादांवर चालणारी आणि वाचकाला उसंत न देणारी छोटी पुस्तिका रूढ केली.

त्यांच्या लेखनाच्या पहिल्या बहराच्या काळात अमेरिकेत नभोवाणीवरील गुप्तहेर-नाट्यमालिकांचा सुवर्णकाळ चालू होता. 'द शॅडो' या मालिकेच्या नायकाला १९३७ साली ऑर्सन वेल्स यांनी आवाज दिला. बॅसिल रॅथबोन आणि नायजेल ब्रूस ही जोडी १९३९ ते १९४६ या काळात शेरलॉक होम्स व डॉ. वॉटसन म्हणून श्रोत्यांच्या परिचयाची झाली. मुंबईत नभोवाणी केंद्र १९२७ सालीच सुरू झाले होते. तरीही मराठी माणसाची ही भूक भागवली ती वाचनालयांतून हातोहात फिरणाऱ्या पुस्तिकांनी.

अर्नाळकरांचे नायकही याच कुळातले आहेत. गुप्तहेर धनंजय आणि त्याचा साहाय्यक छोटू यांच्यावर होम्स-वॉटसन जोडीची छाप उघड दिसते. झुंजार आणि काळा पहाड हे मात्र कायद्याच्या चौकटीबाहेर राहून गुन्हेगारांना शासन करणारे नायक होत. त्यामुळे खलनायक आणि पोलीस अशा दोघांनाही चुकवत त्यांना वाट काढावी लागते, आणि वाचकाची सहानुभूती अर्थातच त्यांच्याकडे राहते. या दोघांची लोकप्रियता धनंजयपेक्षा कमी नव्हती. 

मूल्यमापन

प्रस्थापित समीक्षेने अर्नाळकरांची फारशी दखल घेतली नाही. त्यांच्या अनेक कथानकांचा उगम इंग्रजी गुन्हेकथांत आहे, हा आक्षेप निराधार नाही. परंतु उसने कथानक मराठी नावांत आणि मुंबईच्या वातावरणात उपरे वाटणार नाही, एवढे ते बेमालूम बसवणे हे वेगळे कसब होते. भाषा साधी आणि मजकूर अश्लीलतेपासून दूर असल्याने घरातील मोठ्यांइतकीच शाळकरी मुलेही त्यांची पुस्तके वाचत. अनेकांना वाचनाची गोडी याच पुस्तकांनी लावली. अभ्यासाच्या पुस्तकाआड लपवून ती वाचल्याच्या आठवणी त्या पिढीतील वाचक आजही सांगतात.

पुढे गुरुनाथ नाईक यांनी ही परंपरा चालवली. सुहास शिरवळकर यांच्या लेखनाची सुरुवातही रहस्यकथांपासूनच झाली. अर्नाळकरांच्या निधनानंतर त्यांच्या निवडक रहस्यकथा पुन्हा छापल्या गेल्या.