एका रात्रीचे चाळीस पाहुणे

मी गोंदियाजवळच्या नागऱ्याचा. महाशिवरात्रीला आमच्या जुन्या शिवमंदिरात जत्रा भरते, तेवढीच गावाची प्रसिद्धी. बाकी सगळा धानाचा मुलूख.

मागच्या पोळ्याला घरी गेलो तर बांधीत बांबूला एक प्लास्टिकचा सापळा टांगलेला, खाली पिशवी. धानाच्या खोडकिड्यासाठी कामगंध सापळा. त्याच्या आदल्या वर्षी बाबांनी अंदाजाने तीनदा फवारणी केली होती. खोडकिडा राहिला तो राहिलाच, वर दोन दिवस उलट्यांनी बाबा खाटेवर. सापळ्यातला रबराचा तुकडा मी हुंगून पाहिला. काहीच वास नाही! पण सकाळी पिशवीत पिवळसर पतंग पडलेले, आणि सगळे नर. बाबांनी विचारलं, यांना बोलावलं कोणी? इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातला मी नुसता बघत राहिलो.

होस्टेलवर परतल्यावर शोधाशोध केली, तेव्हा एका फ्रेंच मास्तराची ओळख झाली. झाँ हेन्री फाब्र. जन्म १८२३, दक्षिण फ्रान्समधल्या एका खेड्यात. घरची गरिबी इतकी की लहान वयात लिंबं विकली, रेल्वेच्या कामावर मजुरी केली. शिष्यवृत्ती मिळवून शिकले, शाळामास्तर झाले, नोकरी सांभाळून १८५५ साली डॉक्टरेटही मिळवली. पुढे मुलींच्या वर्गात फुलांचं फलन कसं होतं ते समजावून सांगितलं, म्हणून गावातले कर्मठ लोक खवळले. राहतं घर गेलं, नोकरीही सोडावी लागली. इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल यांनी उसने पैसे दिले, तेव्हा संसार सावरला. १८७९ साली सेरिन्यां गावात त्यांनी दगडधोंड्यांची एक पडीत जमीन घेतली. तीच त्यांची प्रयोगशाळा.

मे महिन्यातल्या एका सकाळी त्यांच्या टेबलावरच्या कोशातून मोरपतंगाची मादी बाहेर आली. आपल्या भंडारा-गोंदियाकडच्या कोसा पतंगाची ही युरोपातली नातेवाईक. फाब्र यांनी तिला जाळीच्या झाकणाखाली ठेवलं. रात्री काळोखात घरभर मोठाले पतंग घुसले. सुमारे चाळीस, सगळे नर! झाडीत लपलेलं घर त्यांना सापडलं कसं?

मग त्यांनी काय केलं? आपण प्रॅक्टिकलला करतो तेच. एकेक शक्यता काढून टाकली. मादीला घट्ट बंद काचेच्या डब्यात ठेवलं, नर आले नाहीत. झाकणाला जराशी फट ठेवली, आले. भोवती डांबरगोळ्यांचा उग्र दर्प केला, तरी आले. पुढे दुसऱ्या एका जातीच्या मादीला त्यांनी एका फांदीवर बसवलं, नंतर उचलून काचेच्या झाकणाखाली, नरांना समोर दिसेल अशी ठेवली. नर तिच्यावरून सरळ पुढे गेले आणि त्या रिकाम्या फांदीला जाऊन चिकटले. म्हणजे डोळ्यांचा संबंध नाही. मादी मागे काहीतरी सोडून जाते.

पण ते काहीतरी कोणतं? माणसाच्या नाकाला तर काहीच कळत नाही. तपासायला ना उपकरणं, ना पैसा. फाब्र यांनी दिसलं तेवढं दहा खंडांच्या आपल्या ग्रंथात प्रामाणिकपणे लिहिलं, आणि १९१५ साली ते गेले.

उत्तर मिळालं १९५९ मध्ये. जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुटेनांट यांच्या गटाने रेशीमकिड्याच्या सुमारे पाच लाख माद्यांपासून तो पदार्थ वेगळा काढला. त्याला वीसेक वर्षं लागली. त्याचं नाव बॉम्बिकॉल. अशा संदेशद्रव्यांना फेरोमोन हे नावही त्याच वर्षी मिळालं. नराच्या पिसासारख्या मिशा हे रेणू हवेतून टिपतात आणि तो वाऱ्याच्या उलट दिशेने उडत मादीकडे जातो. प्रत्येक जातीचं मिश्रण वेगळं, म्हणून खोडकिड्याच्या सापळ्यात खोडकिड्याचाच नर येतो. मुंग्यांच्या रांगा, नागझिऱ्यातल्या वाघाने झाडावर मारलेली फवार, ही सगळी अशीच वासाची पत्रं.

आमच्या सापळ्यातला रबराचा तुकडा म्हणजे मादीच्या वासाची कारखान्यात केलेली नक्कल. पिशवीत पतंग वाढायला लागले की किडीची वेळ झाली असं समजायचं, आणि मगच फवारणीचा विचार करायचा. उगाच विष उडवायचं नाही.

रविवारी मेसमधून जेवून आल्यावर बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. मास्तरांची नोकरी गेली ते ऐकून त्यांना वाईट वाटलं. या हंगामात त्यांनी एकदाच फवारणी केली, तीही तोंडाला फडकं बांधून. आता रोज सकाळी पिशवीतले पतंग मोजून आकडा कॅलेंडरवर लिहितात. दिवाळीला घरी गेलो की तो आलेख मला काढायचा आहे. सबमिशनसाठी नाही, बाबांसाठी.