वसईचे चिमाजी आप्पा

वज्रेश्वरीच्या पायऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी चढल्या असतील. वसई मिळाली तर देवीचे देऊळ बांधीन, असा नवस चिमाजी आप्पांनी केला आणि विजयानंतर ते उभे राहिले, असे आपल्या तालुक्यात सांगतात. पण नवस करणारा हा माणूस होता कसा?

बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचे आणि राधाबाईंचे हे धाकटे चिरंजीव. भिऊबाई बारामतीच्या जोश्यांकडे, अनुबाई इचलकरंजीच्या घोरपड्यांकडे दिलेल्या. १७२० मध्ये वडील वारले आणि पेशवाईची वस्त्रे थोरल्या बाजीरावांना मिळाली. बंधू मोहिमेवर असताना साताऱ्याचा दरबार, सावकारांचे तगादे आणि पुण्याचे घर आप्पांनी सांभाळले. म्हणून त्यांना केवळ कारभारी समजणे चुकीचे होईल. १७२८ साली आमझेऱ्याला माळव्याचा सुभेदार गिरिधर बहादूर त्यांच्याच फौजेने मारला.

वसईची मोहीम १७३७ मध्ये सुरू झाली. १७३९ च्या फेब्रुवारीत आप्पा स्वतः किल्ल्यापुढे आले. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे दलदल, त्यामुळे तटाखाली सुरुंग खणण्यावाचून गत्यंतर नव्हते. काही सुरुंग उडाले ते आपल्याच माणसांवर. हजारो मराठे पडले. अखेर मे महिन्यात पोर्तुगीजांनी किल्ला सोडला. एवढे रक्त सांडूनही आप्पांनी त्यांना बायकामुलांसह, सामानासह सुखरूप जाऊ दिले. मला वसईच्या विजयापेक्षा ही गोष्ट मोठी वाटते.

घरात मात्र हेच आप्पा इतके उदार राहिले नाहीत. मस्तानीला बाजीरावांपासून तोडण्याच्या खटपटीत राधाबाई आणि नानासाहेब यांच्याबरोबर तेही होते. बाजीराव मोहिमेवर गेले आणि इकडे ती कैदेत पडली. २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला बाजीराव वारले. ज्या भावासाठी सारा जन्म वेचला, त्याला शेवटी आपणच दुखावले, हे आप्पांच्या मनात आले नसेल काय?

पुढे आठ महिनेही ते जगले नाहीत. छातीचे दुखणे जुनेच होते. १७ डिसेंबर १७४० रोजी ते गेले. दुसऱ्या पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या. पहिल्या पत्नी रखमाबाई १७३० मध्येच, मुलाच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत वारल्या होत्या. दहा वर्षांचा तो पोरका सदाशिव आजी राधाबाईंनी वाढवला. पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ ते हेच.