मुलांच्या हाती दिलेली अमानत



१ मार्च १९३५ रोजी दिल्लीच्या दक्षिणेला यमुनेजवळच्या ओखला या लहानशा गावी एका शाळेच्या इमारतीची पायाभरणी झाली. असा समारंभ म्हटला की एखादा नवाब, संस्थानिक नाहीतर बडा सरकारी अधिकारी बोलवायचा, अशी तेव्हाची रीत होती आणि आपल्याकडे ती अजूनही पुरती गेलेली नाही. ओखल्याला मात्र पायाचा दगड बसवला तो शाळेतल्या सर्वांत लहान विद्यार्थ्याने. ती संस्था होती जामिया मिल्लिया इस्लामिया. तिचे कुलगुरू होते अवघ्या अडतीस वर्षांचे डॉ. झाकिर हुसेन.

झाकिर हुसेन हे भारताचे तिसरे राष्ट्रपती, एवढे आपल्यापैकी बहुतेकांना पाठ असते. पण राष्ट्रपतिपद त्यांच्या वाट्याला जेमतेम दोन वर्षे आले. शिक्षक म्हणून मात्र त्यांनी आयुष्याची ऐन उमेदीची बावीस वर्षे एकाच संस्थेत वेचली आणि त्यातही त्यांचा जीव सर्वांत अधिक रमला तो प्राथमिक शाळेत. लहान मुलावर विश्वास कसा टाकावा, ही गोष्ट त्यांच्या चरित्रातून जितकी शिकता येते तितकी दुसऱ्या क्वचितच कोणाच्या चरित्रातून शिकता येईल. म्हणून आज त्यांच्याविषयी दोन शब्द आपल्यापुढे ठेवीत आहे.

त्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ रोजी हैदराबादला झाला. घराणे मूळचे उत्तर प्रदेशातील कायमगंजचे. वडील फिदा हुसेन खान हैदराबादला वकिली करीत. सात भावांत झाकिर तिसरे. ते दहा वर्षांचे असताना १९०७ मध्ये वडील वारले, आणि १९११ मध्ये प्लेगने आईलाही नेले. इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलचे वसतिगृह हेच त्या मुलाचे घर झाले. आईबापाचे छत्र हरपलेल्या मुलाला स्वतःचे कपडे, वह्या, वेळ आणि पैसा स्वतःच सांभाळावा लागतो. सक्तीने आलेली जबाबदारी किती जड असते, हे त्यांनी सोसले होते. पुढे मुलांवर जबाबदारी सोपवताना तिच्यामागे मायेचा आधार असलाच पाहिजे, असा त्यांचा जो कटाक्ष राहिला, त्याचे मूळ या दिवसांत असावे असे वाटते.

इटाव्याहून ते अलिगढच्या कॉलेजात गेले. १९२० मध्ये असहकाराची हाक आली तेव्हा सरकारी मदतीवर चालणारे ते कॉलेज त्यांनी सोडले. २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलिगढमध्येच जामिया मिल्लियाची स्थापना झाली, तिच्या पहिल्या मंडळीत ते होते. दोन वर्षांनी ते उच्च शिक्षणासाठी जर्मनीला गेले आणि बर्लिनला अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. पण तिकडून त्यांनी आणलेली मोठी शिदोरी दुसरीच होती. जर्मन शिक्षणतज्ज्ञ गेओर्ग केर्शेनस्टाइनर यांनी मांडलेल्या, कामातून शिकवणाऱ्या शाळेच्या विचाराने त्यांच्या मनाची पकड घेतली होती.

हा विचार झाकिरसाहेबांनी आपल्या परीने घोळवून फार सोप्या रीतीने मांडला. त्यांच्या मते, हातून घडणारे प्रत्येक काम शिक्षण देतेच असे नाही. ज्या कामाच्या चार पायऱ्या करणाऱ्याने स्वतः चढलेल्या असतात, तेच काम माणूस घडवते. पहिली पायरी, काय करायचे आहे हे नीट ठरवणे. दुसरी, ते कसे आणि कशाने करायचे याचा विचार करणे. तिसरी, प्रत्यक्ष करणे. आणि चौथी, झालेले काम ठरवल्यासारखे झाले की नाही हे स्वतःच पारखणे. वाचकहो, या चार पायऱ्या लक्षात असू द्या. पुढे त्यांची गरज पडणार आहे.

१९२६ मध्ये ते डॉ. आबिद हुसेन आणि प्रा. मुहम्मद मुजीब या दोन मित्रांसह परतले, तेव्हा जामिया दिल्लीच्या करोलबागेत आली होती आणि तिची अवस्था बिकट होती. खिलाफत चळवळ ओसरल्यामुळे पैशाचा ओघ आटला होता. १९२७ च्या डिसेंबरात तिचे मोठे आधारस्तंभ हकीम अजमल खान यांचेही निधन झाले. संस्था मिटवून टाकावी की काय, अशी चर्चा सुरू झाली. तेव्हा १९२८ मध्ये झाकिरसाहेबांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रतिज्ञा केली, की वीस वर्षे जामियाची सेवा करू आणि महिना दीडशे रुपयांपेक्षा जास्त वेतन घेणार नाही. प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ कमीच हाती पडत असे, आणि तेही कधी कधी महिनोन्‌महिने थकत असे.

अशा ओढगस्तीच्या संस्थेत एकेक पैसा जपून वापरायचा, तर व्यवहार मोठ्यांनीच पाहावा असे कोणालाही वाटेल. जामियाच्या प्राथमिक शाळेने उलट वाट धरली. अब्दुल गफ्फार मुधोली यांच्यासारखे तळमळीचे शिक्षक तिथे होते. त्यांनी मुलांची बँक काढली, मुलांचे दुकान काढले, आणि दोन्ही मुलांच्याच हाती दिली. बर्लिनहून आलेल्या गेर्डा फिलिप्सबोर्न या ज्यू बाईंनी लहानग्यांची जबाबदारी अंगावर घेतली. मुले त्यांना आपाजान म्हणत. १९४३ मध्ये त्या वारल्या आणि जामियाच्याच मातीत विसावल्या. मुलांना मोकळीक होती, पण त्यांच्यामागे अशी मायेची माणसे उभी होती.

मुलांची बँक म्हणजे काय, याचा जरा विचार करा. बँक आली की खाते आले, खाते आले की वही आली. वहीत बेरीज चुकली तर ते केवळ गणित चुकत नाही, एका सोबत्याचे पैसे चुकतात. फळ्यावरच्या चुकीला गुरुजी लाल रेघ मारतात आणि मूल ती विसरून जाते. खातेवहीतल्या चुकीसाठी मात्र त्याला सोबत्यापुढे उभे राहावे लागते, चूक शोधावी लागते आणि ती दुरुस्त करावी लागते. दुकानाचेही तसेच. किती पेन्सिली मागवायच्या, कोणत्या भावाने विकायच्या आणि न खपलेल्या मालाचे काय करायचे, हे ठरवणारे मूल चारही पायऱ्या चढत असते. आपल्याकडे अमानत हा शब्द आहे. दुसऱ्याची वस्तू आपल्या हाती आली की ती जपणे हा आपला धर्म होतो. तो शब्द मुलांना नुसता सांगून कळत नाही. तो कळण्यासाठी कोणीतरी त्यांच्याकडे खरोखरीची अमानत ठेवावी लागते.

स्वतः झाकिरसाहेब मुलांत कसे वागत, याच्या आठवणी जामियात पुष्कळ सांगितल्या जातात. विद्यार्थ्यांनी बूट स्वच्छ ठेवून यावे, असे त्यांनी सुचवले, पण कोणी मनावर घेतले नाही. तेव्हा एके दिवशी कुलगुरू ब्रश आणि पॉलिश घेऊन फाटकाशी बसले आणि येणाऱ्यांचे बूट पुसू लागले. शिक्षेचे नावही न काढता मुले शहाणी झाली. दुसरी आठवण काळजाला हात घालणारी आहे. प्राथमिक शाळेतल्या मुलांना ते मिठाई वाटत असताना शिपायाने कानात येऊन सांगितले, की त्यांची लहानगी मुलगी वारली. त्यांनी चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही, मिठाई वाटणे पुरे केले. त्या मुलांचा आनंदाचा दिवस त्यांना मोडायचा नव्हता. त्यांनी लिहिलेल्या बालकथा पुढे रुकय्या रेहाना या नावाने प्रसिद्ध झाल्या. ते त्या लेकीचेच नाव होते.

आता आपल्या महाराष्ट्राशी त्यांचा जो संबंध आला, त्याकडे वळू. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगातून शिक्षण द्यावे आणि मुलांनी केलेल्या मालातून शाळेचा खर्च भागावा, असा विचार तिच्यापुढे होता. झाकिरसाहेबांनी भर परिषदेत आपली शंका निर्भीडपणे मांडली. कमाईवर फार भर दिला, तर शिक्षक मुलांना राबवून घेऊ लागतील, अशी त्यांना भीती होती. गांधीजींचे मोठेपण असे, की त्यांनी अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्षपद याच शंका घेणाऱ्या माणसाला दिले. सात ते चौदा वर्षांच्या मुलांना मातृभाषेतून सात वर्षांचे शिक्षण सुचवणाऱ्या त्या अहवालातही, पैशाच्या बाजूपायी शिक्षणाचा बळी जाण्याचा धोका स्पष्ट नोंदवला गेला. पुढे अनेक वर्षे ते हिंदुस्थानी तालीमी संघाचे अध्यक्ष होते. संघाच्या सेवाग्राम येथील शाळेत मुले आपले मंत्री निवडीत, सफाई, आरोग्य, स्वयंपाकघर अशी खाती वाटून घेत आणि आमसभेत आपल्या कामाचा हिशेब देत.

योजनेला विरोधही झाला. मुस्लिम लीगने तिच्यावर कडाडून टीका केली आणि झाकिरसाहेबांना आपल्याच समाजातून पुष्कळ ऐकून घ्यावे लागले. ते कडवटपणे बोलले नाहीत आणि काम सोडूनही गेले नाहीत. १९४८ मध्ये ते अलिगढ विद्यापीठाचे कुलगुरू झाले, १९५७ मध्ये बिहारचे राज्यपाल, १९६२ मध्ये उपराष्ट्रपती. १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. १३ मे १९६७ रोजी ते राष्ट्रपती झाले आणि ३ मे १९६९ रोजी त्या पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. त्यांची कबर जामियाच्या आवारात आहे, जिथे दिवसभर विद्यार्थ्यांची ये-जा असते.

पालकहो, त्या चार पायऱ्या आता आपल्या घराला लावून पाहा. आपल्याकडे आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला सांभाळते, भांडी घासते, पाहुण्यांना पाणी देते. तिला जबाबदारी नाही असे कोण म्हणेल? पण काय करायचे हे ठरवते आई, कसे करायचे हे सांगते आजी, आणि बरे झाले की वाईट हे पारखतात दुसरेच. त्या पोरीच्या वाट्याला फक्त तिसरी पायरी येते. झाकिरसाहेबांना वर्ध्याला जी भीती वाटली होती, ती हीच. आणि त्याच घरातल्या मुलाला तर एकही पायरी चढू दिली जात नाही, त्याच्या पाण्याचा पेलाही बहिणीने उचलायचा. दोघांचेही नुकसान आपणच करतो. आठवड्याच्या बाजाराची यादी एकदा मुलीला करू द्या, ठरलेली रक्कम तिच्या हाती द्या, आणि उरलेल्या पैशांचा हिशेब तिलाच मांडू द्या. पेला मुलाला उचलू द्या.

शाळांनाही एक नम्र सूचना. बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणारा मॉनिटर म्हणजे नेतृत्व नव्हे, ती चौकीदारी झाली. आणि तेवढेसुद्धा वर्षानुवर्षे पहिल्या नंबराच्याच मुलाकडे जाते. वाचनालयाची पेटी, पाण्याची टाकी, बागेचे वाफे, सहलीची वर्गणी अशी खरी कामे पाळीपाळीने साऱ्यांकडे द्यावीत, मागच्या बाकावरच्यांकडे तर आवर्जून द्यावीत. एखादे पुस्तक हरवेल, दोन रोपे वाळतील. तेवढा तोटा शाळेने शिक्षणाच्या खर्चात धरावा.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांलाही एवढेच सांगायचे आहे. कोणी तुमच्या हाती काम दिले, तर ते संपवून मोकळे होऊ नका. आधी स्वतः ठरवा आणि शेवटी स्वतःच तपासा. चुकले तर लपवू नका, वही उघडी ठेवा. वसतिगृहात वाढलेल्या एका पोरक्या मुलाने हीच सवय जन्मभर जपली, म्हणून देशाने आपले सर्वोच्च पद निर्धास्तपणे त्याच्या स्वाधीन केले.